नार्व्हिकच्या नाविक लढाया

दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) नॉर्वेच्या उत्तर भागातील नार्व्हिक बंदराच्या परिसरात १० व १३ एप्रिल १९४० रोजी ब्रिटिश व जर्मन नाविक दलांत झालेल्या दोन लढाया. पहिली लढाई सर्वस्वी विनाशिकांची होती. पाच ब्रिटिश विनाशिकांनी पहाटेच्या हिमवर्षावात बंदरात शिरून त्या परिसरातील दहा जर्मन विनाशिकांशी सामना दिला. दुसऱ्या लढाईत एक ब्रिटिश युद्धनौका व नऊ विनाशिका यांनी उरलेल्या आठ जर्मन विनाशिकांचा संपूर्ण नाश केला. चार दिवसांच्या अवधीत जर्मनीने आपल्या विनाशिका-दलाचा निम्मा भाग गमावला. तथापि समुद्रावर मिळालेल्या या विजयाचा लाभ दोस्त राष्ट्रांना जमिनीवर वेळीच घेता आला नाही. म्हणून नौकांच्या शौर्याइतक्याच युद्धनियोजनातील उणिवांच्या दृष्टीनेही या लढाया अभ्यसनीय ठरल्या आहेत.

स्थान व महत्त्व : नार्व्हिक हे उत्तर ध्रुववृत्ताच्या उत्तरेस, सुमारे ६८° उत्तर अक्षांशावर, ओफोट फ्योर्डच्या आतल्या टोकाशी वसलेले बंदर आहे. अटलांटिक महासागरातील उष्ण प्रवाहामुळे इतक्या उत्तरेस असूनही ते हिवाळ्यात गोठत नाही. स्वीडनमधील कीरूना व येलिव्हारे येथील खाणींतील उच्च प्रतीचे लोहखनिज बाहेर पाठविण्यासाठी विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथपर्यंत लोहमार्ग बांधण्यात आला आणि त्याबरोबरच नार्व्हिक गाव उदयास आले. स्वीडनची सरहद्द तेथून लोहमार्गाने सुमारे ४३ किमी. आहे. हे खनिज उन्हाळ्यात बॉथनियाच्या आखातावरील लूलेओ बंदरातूनही जर्मनीकडे जाई. मात्र हिवाळ्यात ते बंदर बर्फाने बंद होत असल्याने नार्व्हिक व तेथून नॉर्वेच्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडे जाणारा जलमार्ग हाच पर्याय उरे. जर्मनीच्या पोलाद उद्योगाला स्वीडनच्या खनिजाची गरज मोठी होती. १९३९ साली या खनिजाची जर्मनीतील आयात सुमारे १ कोटी टनांच्या घरात होती. युद्ध सुरू होताच जेमतेम दहा हजार वस्तीच्या या गावाकडे दोन्ही पक्षांचे लक्ष वेधले गेले, त्याचे हे कारण.

ओफोट फ्योर्ड हा वेस्ट फ्योर्डमधून पूर्वेकडे आत शिरणारा खोल, चिंचोळा व दोन्ही बाजूंनी उंच डोंगरांनी वेढलेला समुद्राचा फाटा आहे. त्याला अनेक उपफाटे आहेत. नार्व्हिकच्या उत्तरेस हेर्यांग्स फ्योर्ड, पूर्वेस रोंबाक्स फ्योर्ड, दक्षिणेस बाइस फ्योर्ड आणि पश्चिमेकडे दक्षिण काठावर बालांगेनचा फाटा आहे. फ्योर्डमध्ये शिरणाऱ्या नौकेला बाहेर पडण्यास एकच वाट असते. या भूरचनेने दोन्ही लढायांचे स्वरूप ठरविले. पहिल्या दिवशी तिचा फटका ब्रिटिशांना व दुसऱ्या खेपेस जर्मनांना बसला.

पार्श्वभूमी : नॉर्वे तटस्थ राष्ट्र होते. त्याच्या प्रादेशिक समुद्रातून होणारी खनिजाची वाहतूक बंद पाडावी, असा आग्रह ब्रिटिश नौदलाचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांनी युद्धाच्या पहिल्या महिन्यांपासून धरला होता. १६ फेब्रुवारी १९४० रोजी ‘कोसॅक’ या ब्रिटिश विनाशिकेने नॉर्वेच्या हद्दीतील यसिंग फ्योर्डमध्ये शिरून ‘आल्टमार्क’ या जर्मन जहाजावरील सुमारे तीनशे ब्रिटिश बंदी खलाशांची सुटका केली. नॉर्वेची तटस्थता ब्रिटन यापुढे पाळणार नाही, असा या घटनेचा अर्थ हिटलरने घेतला आणि नॉर्वे व डेन्मार्क यांवरील आक्रमणाच्या योजनेला वेग आला. दुसरीकडे ८ एप्रिलच्या पहाटे ब्रिटिश विनाशिकांनी वेस्ट फ्योर्डच्या परिसरात पाणसुरुंग पेरले. दोन्ही राष्ट्रांच्या योजना अशा रीतीने जवळजवळ एकाच वेळी अंमलात आल्या.

जर्मन योजनेनुसार नॉर्वेच्या प्रमुख बंदरांवर ९ एप्रिलच्या पहाटे एकाच वेळी सैन्य उतरवावयाचे होते. त्यांपैकी नार्व्हिक हे सर्वांत दूरचे लक्ष्य होते. त्यासाठी कमोडोर फ्रीड्रिख बोंटे याच्या आधिपत्याखाली दहा विनाशिका नेमण्यात आल्या. प्रत्येकीवर सुमारे दोनशे याप्रमाणे जनरल एडुआर्ट डीट्ल याच्या पहाडी डिव्हिजनमधील सुमारे दोन हजार सैनिक चढविण्यात आले. वेस्ट फ्योर्डपर्यंत त्यांच्या सोबतीला ‘शार्नहोर्स्ट’ व ‘ग्नाइझेनाउ’ या युद्धनौका होत्या. वादळी समुद्रातून सुमारे दोन हजार किमी. अंतर वेगाने कापताना काही सैनिक व बरीच जड युद्धसामग्री लाटांबरोबर वाहून गेली. ८ एप्रिल रोजी वेस्ट फ्योर्डवर पहारा करणाऱ्या ब्रिटिश विनाशिकांना लंडनच्या नौदल मुख्यालयाने तेथून हलवून ‘रिनाउन’ या युद्धक्रूझरला जाऊन मिळण्याचा आदेश दिला. परिणामी फ्योर्डचे मुख मोकळे राहिले आणि बोंटेच्या विनाशिका विनाअडथळा आत शिरल्या.

नार्व्हिकवरील जर्मन कबजा : बंदरात नॉर्वेची ‘आयड्सव्होल’ व ‘नोर्गे’ ही दोन तटसंरक्षक जहाजे होती. दोन्ही १९०० साली पाण्यात सोडलेली व कालबाह्य झालेली होती. शरणागतीची मागणी ‘आयड्सव्होल’चा कप्तान ओड इसाक्सेन विलोक याने फेटाळताच ‘व्हिल्हेल्म हाइडकांप’ या बोंटेच्या ध्वजनौकेने अगदी जवळून पाणतीर सोडून ते जहाज बुडविले. थोड्याच वेळात ‘बेर्न्ट फोन आर्निम’ या विनाशिकेने ‘नोर्गे’लाही जलसमाधी दिली. दोन्ही जहाजांवरील मिळून पावणेतीनशेहून अधिक नॉर्वेजियन खलाशी मृत्युमुखी पडले. गावातील नॉर्वेजियन दलाच्या प्रमुखाने प्रतिकार न करता गाव जर्मनांच्या स्वाधीन केले. फ्योर्डच्या चिंचोळ्या भागी नॉर्वेच्या तटवर्ती तोफा असाव्यात, असा जर्मनांचा समज होता. त्या काबीज करून स्वतःच्या संरक्षणासाठी वापरण्याचा त्यांचा बेत होता. प्रत्यक्षात तेथे एकही तोफ नव्हती. त्यामुळे फ्योर्डचे मुख जर्मनांनाही राखता आले नाही.

इंधनाचा प्रश्न : जर्मन विनाशिका आकाराने मोठ्या असल्या, तरी त्यांचा पल्ला मर्यादित होता. उच्च दाबाच्या वाफेवर चालणारी त्यांची यंत्रे नाजूक व तेलाचा खप अधिक असणारी होती. नार्व्हिकला पोहोचेपर्यंत त्यांच्या टाक्या जवळजवळ रिकाम्या झाल्या होत्या. तेथे तेल भरून ९ एप्रिलच्या संध्याकाळीच मायदेशी परतण्याचा बेत होता. त्यासाठी ‘यान व्हेलेम’ व ‘कॅटेगाट’ ही दोन तेलवाहू जहाजे अगोदर धाडण्यात आली होती. त्यांपैकी पहिले वेळेवर पोहोचले, तर दुसऱ्याला नॉर्वेच्या गस्ती जहाजाने वाटेतच अडविल्याने ते बुडाले. ‘यान व्हेलेम’ हे मूळचे देवमाशांच्या शिकारीच्या मोहिमांसाठी वापरले जाणारे जहाज होते. त्यावरून एका वेळी दोनच विनाशिकांना तेल देता येई आणि प्रत्येक जोडीला सात-आठ तास लागत. दहा विनाशिकांना तेल देण्यास या हिशेबाने दीड दिवस हवा होता. साहजिकच बोंटेला प्रयाण एक दिवस लांबणीवर टाकावे लागले. हा एक दिवसच जर्मन दलाला घातक ठरला.

रात्रीच्या संरक्षणासाठी बोंटेने आपल्या विनाशिका विखरून ठेवल्या. पाच विनाशिका नार्व्हिक बंदराकडे नेमलेल्या होत्या. ‘व्होल्फगांग त्सेंकर’, ‘एरिक गीझे’ व ‘एरिक क्योलनर’ या तीन हेर्यांग्स फ्योर्डमध्ये, तर ‘गेओर्ग टीले’ व ‘बेर्न्ट फोन आर्निम’ या दोन बालांगेनच्या फाट्यात होत्या. फ्योर्डच्या बाहेरच्या अंगाला पाणबुड्यांची फळी होती. त्यांपैकी एकीने ९ एप्रिलच्या संध्याकाळी पाच ब्रिटिश विनाशिका नैर्ऋत्येकडे, म्हणजे नार्व्हिकपासून दूर, जात असल्याचे कळविले. त्या विनाशिका केवळ वेळ घालविण्यासाठी तात्पुरत्या त्या दिशेने वळल्या होत्या. या वृत्ताने बोंटे निर्धास्त झाला.

दोन्ही दलांचे बलाबल : विनाशिका हा युद्धनौकेचा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणतीर सोडणाऱ्या लहान नौकांचा बंदोबस्त करण्यासाठी निर्माण झाला. पुढे स्वतः पाणतीरांनी सज्ज होऊन ती आरमाराची सर्वोपयोगी नौका बनली. तिला चिलखत जवळजवळ नसते. वेग, चपळाई व पाणतीर हेच तिचे खरे बळ. नार्व्हिक येथील ब्रिटिश विनाशिका ‘एच’ वर्गातील होत्या. त्यांचे वजन सुमारे १,३५० टन असून प्रत्येकीवर १२ सेंमी. व्यासाच्या चार तोफा व पाणतिरांच्या आठ नळ्या होत्या. ‘हार्डी’ ही त्यांची नायक-विनाशिका काहीशी मोठी असून तिच्यावर पाच तोफा होत्या. जर्मन विनाशिका २,२०० टनांहून अधिक वजनाच्या असून प्रत्येकीवर १२·७ सेंमी. व्यासाच्या पाच तोफा व पाणतिरांच्या आठ नळ्या होत्या. म्हणजे संख्या, आकार व तोफांचा मारा या तिन्ही बाबतींत जर्मन दल सरस होते. ब्रिटिशांच्या बाजूस होते ते फक्त अनपेक्षिततेचे बळ.

हल्ल्याचा निर्णय : दुसऱ्या विनाशिका-तांड्याचा प्रमुख कॅप्टन बर्नार्ड वॉरबर्टन-ली हा ‘हार्डी’, ‘हंटर’, ‘हॅव्हॉक’, ‘हॉटस्पर’ व ‘हॉस्टाइल’ या पाच विनाशिकांनिशी ९ एप्रिलच्या दुपारी वेस्ट फ्योर्डमध्ये आला. एखादेच जर्मन जहाज नार्व्हिकला पोहोचले असावे, अशी लंडनची माहिती होती. वॉरबर्टन-लीने त्रानय येथील वाटाड्यांच्या ठाण्यावर चौकशी केली. ‘हार्डी’हून मोठ्या सहा विनाशिका व एक पाणबुडी आत गेल्याचे आणि याच्या दुप्पट बळ आणल्याशिवाय आत शिरू नये, असे तेथील नॉर्वेजियनांनी सांगितले. प्रत्यक्षात विनाशिका सहा नव्हे, दहा होत्या. ही माहिती वॉरबर्टन-लीने वरिष्ठांना कळविली आणि त्याच संदेशात पहाटे भरतीच्या वेळी हल्ला करण्याचा आपला इरादा व्यक्त केला. भरतीची वेळ निवडण्यामागे हेतू असा की, पाण्याची पातळी वाढल्याने पेरलेले सुरुंग खोल राहावेत व नौका त्यांवरून सुखरूप जाव्यात.

‘रिनाउन’वरील व्हाइस ॲडमिरल विल्यम व्हिटवर्थ याने वॉरबर्टन-लीला कुमक पाठविण्याचा विचार केला, परंतु त्यामुळे हल्ल्यास विलंब होईल म्हणून तो सोडून दिला. नौदल मुख्यालयाने हल्ला करावा की नाही याचा निवाडा त्या स्थळी असलेल्या वॉरबर्टन-लीवरच सोपविला व तो जो निर्णय घेईल त्यास पाठिंबा राहील, असे कळविले. निर्णयाची सारी जबाबदारी अशा प्रकारे एका कप्तानावर पडली. थांबावे तर शत्रू तेल भरून निसटण्याचा वा बंदराची तटबंदी करण्याचा संभव होता, तर पुढे जावे तर अज्ञात बळाशी बंदिस्त पाण्यात गाठ पडणार होती. त्याने पुढे जाण्याचे ठरविले.

पहिली लढाई (१० एप्रिल) : हिमवर्षावामुळे डोंगरकडेही दिसत नव्हते. पाचही विनाशिका एकामागोमाग एक अशा ओळीने अंधारात फ्योर्डमधून पुढे सरकल्या. फ्योर्डच्या मुखाकडे पहाऱ्यावर असलेली ‘डीटर फोन रोडर’ ही जर्मन विनाशिका बदली येण्यापूर्वीच पहाटे बंदरात परतली होती. तिच्या पाठोपाठ, पहाटे साडेचारच्या सुमारास, ‘हार्डी’ बंदराच्या तोंडाशी पोहोचली. आत ‘हान्स ल्यूडेमान’ व ‘हेर्मान क्यूने’ या विनाशिका तेलवाहू जहाजाला लागून तेल घेत होत्या. ‘हाइडकांप’ व ‘आंटोन श्मिट’ नांगरलेल्या होत्या. खेरीज अनेक राष्ट्रांची व्यापारी जहाजे उभी होती.

‘हार्डी’ने सोडलेला पाणतीर ‘हाइडकांप’च्या पिछाडीवर आदळून तेथील दारूगोळ्याचा स्फोट झाला. बोंटे व त्याचे अनेक सहकारी ठार झाले. ‘आंटोन श्मिट’ पाणतिरांनी फुटून बुडाली. तिच्या स्फोटाच्या धक्क्याने जवळच्या ‘क्यूने’ची यंत्रे बंद पडली. ‘रोडर’ला गोळे लागून आग लागली व ती चालविण्यायोग्य राहिली नाही. ‘ल्यूडेमान’चेही नुकसान झाले. हा हवाई हल्ला असावा, असे प्रारंभी काही जर्मनांना वाटले. ब्रिटिश विनाशिकांनी बंदराच्या तोंडावरून फेऱ्या घेत पाणतीर व तोफा यांचा मारा केला. त्यात बरीच व्यापारी जहाजे बुडाली. मात्र ज्याच्यावर जर्मन दलाचे परतणे अवलंबून होते, ते ‘यान व्हेलेम’ जहाज या गर्दीत सुखरूप राहिले.

आत्तापर्यंत ब्रिटिशांचे नुकसान नगण्य होते. वॉरबर्टन-लीने आणखी एक फेरी घेण्याचे ठरविले. ही फेरी संपत असतानाच ईशान्येकडून, हेर्यांग्स फ्योर्डमधून, तीन जर्मन विनाशिका येताना दिसल्या. ब्रिटिश तांडा पश्चिमेकडे वेगाने वळला. तोच समोरून आणखी दोन नौका आल्या. त्या मदतीला आलेल्या ब्रिटिश नौका असाव्यात, अशी क्षणभर आशा वाटली. पण त्या बालांगेनमधून निघालेल्या ‘टीले’ व ‘आर्निम’ होत्या. ब्रिटिश तांडा दोन दलांच्या कात्रीत सापडला.

‘टीले’च्या गोळ्यांनी ‘हार्डी’चा चालकमंच उद्ध्वस्त झाला. वॉरबर्टन-ली प्राणांतिक जखमी झाला व मंचावरील जवळजवळ सर्व अधिकारी ठार वा घायाळ झाले. शत्रूशी झुंज चालू ठेवावी, असा त्याचा अखेरचा संदेश होता. त्याचा चिटणीस लेफ्टनंट जेफ्री स्टॅनिंग हा हिशेब खात्यातील अधिकारी होता. नौका चालविणे हे त्याचे काम नव्हते. पायाला जखम झालेली असतानाही त्याने सुकाणू हाती घेण्याची व्यवस्था केली. वाफ संपत आल्याचे पाहून त्याने नौका दक्षिण किनाऱ्यावर नेऊन रुतविली. त्यामुळे बहुतेक खलाशी गोठलेल्या पाण्यातून किनारा गाठू शकले व स्थानिक नॉर्वेजियन लोकांनी त्यांना आसरा दिला. ‘हंटर’वर गोळ्यांचा व पाणतिरांचा मारा होऊन ती थांबली. त्याच वेळी सुकाणू निकामी झालेली ‘हॉटस्पर’ तिच्यावर आदळली. ‘हंटर’ बुडाली व तिच्यावरील शंभराहून अधिक लोक मरण पावले. वाचलेल्यांपैकी काहींना जर्मन विनाशिकांनीच पाण्यातून वर काढले. पुढे निघून गेलेल्या ‘हॉस्टाइल’ व ‘हॅव्हॉक’ यांनी मागे वळून जखमी ‘हॉटस्पर’ला संरक्षण दिले व तिला घेऊन त्या बाहेर पडल्या.

जर्मनांनी त्यांचा नेटाने पाठलाग केला नाही. ‘टीले’ व ‘आर्निम’ यांनाही गोळे लागले होते आणि हेर्यांग्स फ्योर्डमधून आलेल्या विनाशिकांजवळ लांबच्या पाठलागापुरते तेल नव्हते. परतीच्या वाटेवर ब्रिटिशांना ‘राउएनफेल्स’ हे दारूगोळा घेऊन नार्व्हिककडे येणारे जर्मन मालवाहू जहाज आढळले. ‘हॅव्हॉक’च्या माऱ्याने त्याचा प्रचंड स्फोट झाला. डीट्लच्या सैन्यासाठी येणारी सामग्री अशा तऱ्हेने नष्ट झाली. दोन्ही पक्षांच्या प्रत्येकी दोन विनाशिका कामी आल्या व दोन्ही दलप्रमुख बळी पडले. वॉरबर्टन-लीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात जाहीर झालेले हे पहिले व्हिक्टोरिया क्रॉस होय.

मधले दिवस : बोंटेनंतर जर्मन विनाशिकांचे आधिपत्य कॅप्टन एरिक बाय याच्याकडे आले. उरलेल्या आठांपैकी काही मोडक्या अवस्थेत होत्या व सर्वांचा दारूगोळा निम्म्यावर आला होता. १० एप्रिलच्या संध्याकाळी ‘त्सेंकर’ व ‘गीझे’ यांनिशी निसटण्याचा बायने प्रयत्न केला. परंतु फ्योर्डच्या मुखाकडे ब्रिटिश नौका दिसताच तो माघारी फिरला. त्यानंतर ‘क्योलनर’ खडकावर घासून जायबंदी झाली आणि ‘त्सेंकर’च्या पंख्यांना इजा झाली. १२ एप्रिल रोजी ‘फ्यूरिअस’ या विमानवाहू नौकेवरील विमानांनी केलेल्या हल्ल्याचा विशेष परिणाम झाला नाही.

दुसरी लढाई (१३ एप्रिल) : व्हिटवर्थने आपले ध्वजचिन्ह ‘वॉरस्पाइट’ या युद्धनौकेवर नेले. जटलंडच्या लढाईत (१९१६) भाग घेतलेल्या या नौकेवर ३८ सेंमी. व्यासाच्या आठ तोफा होत्या. तिच्या सोबत ‘बेडवीन’, ‘कोसॅक’, ‘एस्किमो’, ‘पंजाबी’, ‘हीरो’, ‘आयकरस’, ‘किंबर्ली’, ‘फॉरेस्टर’ व ‘फॉक्सहाउंड’ या नऊ विनाशिका होत्या. त्यांपैकी पहिल्या चार ‘ट्राइबल’ वर्गातील असून त्यांना निरनिराळ्या देशांतील जनसमूहांची नावे दिलेली होती. मोठी युद्धनौका चिंचोळ्या फ्योर्डमध्ये नेणे धोक्याचे होते. तथापि हा धोका पत्करण्यात आला.

दुपारच्या सुमारास हे दल आत शिरले. ‘वॉरस्पाइट’वरून उडालेल्या ‘स्वोर्डफिश’ विमानाने पुढे जाऊन शत्रूच्या नौकांची ठिकाणे कळविली. त्याच विमानाने हेर्यांग्स फ्योर्डमध्ये ‘यू-६४’ ही पाणबुडी बाँब टाकून बुडविली. ब्रिटिश नौदलाच्या विमानाने जर्मन पाणबुडी बुडविल्याची या युद्धातील ही पहिली घटना होय. ‘क्योलनर’ दक्षिण काठावरील एका खाडीत दबा धरून बसली होती. विमानाने तिची आगाऊ सूचना दिल्यामुळे ब्रिटिश विनाशिकांनी आपल्या तोफा व पाणतीर-नळ्या त्या बाजूस आधीच रोखून ठेवल्या. दृष्टीस पडताच तिच्यावर मारा झाला व ‘वॉरस्पाइट’च्या तोफांनी तिचा शेवट केला. जर्मन विनाशिकांनी फ्योर्डमध्ये मागेपुढे होत धुराच्या आडून काही काळ झुंज दिली. पण त्यांचा दारूगोळा संपत आला. ‘क्यूने’ हेर्यांग्स फ्योर्डच्या किनाऱ्यावर चढविण्यात आली. ‘गीझे’ नार्व्हिकबाहेर गोळ्यांच्या वर्षावात बुडाली. बंदरात जखडून पडलेल्या ‘रोडर’ने ‘कोसॅक’वर अनेक गोळे टाकले. ‘कोसॅक’ भरकटून किनाऱ्यावर रुतली, तर ‘रोडर’ जर्मनांनी स्वतःच सुरुंग लावून उडवून दिली.

उरलेल्या ‘टीले’, ‘ल्यूडेमान’, ‘त्सेंकर’ व ‘आर्निम’ या चार विनाशिका रोंबाक्स फ्योर्डमध्ये शिरल्या. या फाट्याच्या मध्यभागी एक अरुंद चिंचोळी वाट असून पुढे पाण्याचा शेवट होतो. इतरांना खलाशी उतरविण्यास अवधी मिळावा म्हणून ‘टीले’ वाटेच्या आतल्या अंगाला थांबली. पाठलाग करीत आलेल्या ‘एस्किमो’वर तिने सोडलेल्या पाणतिराने त्या विनाशिकेचा नाळेकडील भाग तुटून पडला. तरीही ‘एस्किमो’ तरंगत राहिली व पुढे दुरुस्त होऊन पुन्हा कामावर आली. दारूगोळा संपल्यावर ‘टीले’च्या कप्तानाने ती खडकावर चढविली. उरलेल्या तिन्ही विनाशिका फाट्याच्या टोकाशी त्यांच्याच खलाशांनी निकामी केल्या. ब्रिटिशांची एकही नौका बुडाली नाही. पहिल्या लढाईत किनाऱ्यावर अडकलेल्या ‘हार्डी’च्या खलाशांचीही या वेळी सुटका झाली.

विजयानंतरची ढिलाई : १३ एप्रिलच्या संध्याकाळी नार्व्हिकमधील जर्मन सैन्य गोंधळलेल्या अवस्थेत होते. खलाशांची तुकडी उतरवून गाव घेण्याचा विचार व्हिटवर्थने केला. परंतु थकलेले खलाशी दोन हजार कसलेल्या पहाडी सैनिकांपुढे टिकणार नाहीत, असे पाहून त्याने तो सोडला. त्याजवळ भूसेना नव्हती. लहानशी तुकडी त्वरित पाठविल्यास नार्व्हिक घेता येईल, असे त्याने कळविले. ब्रिटिश सैन्य मात्र नार्व्हिकपासून दूर हार्स्टा येथे उतरत होते. त्याची सामग्री लढत उतरण्याच्या दृष्टीने जहाजांवर भरलेली नव्हती. नाविक प्रमुख लॉर्ड कॉर्क यांना तातडीने हल्ला हवा होता. भूसेनेचे प्रमुख जनरल पिअर्स मॅकेसी यांच्या मते कमरेइतक्या बर्फातून उघड्यावर चाल करणे आत्मघातकी होते. दोघांना मिळालेल्या सूचनाही एकमेकींशी जुळणाऱ्या नव्हत्या. या मतभेदात मोलाचे दिवस गेले.

तेवढ्या अवधीत डीट्लने बुडालेल्या विनाशिकांवरील सुमारे २,६०० खलाशांना नॉर्वेजियन कोठारातील शस्त्रे देऊन आपल्या दलात सामील करून घेतले. ज्या विजयाने जर्मनांच्या नौका हिरावल्या, त्यानेच त्यांच्या भूसेनेचे संख्याबळ दुपटीहून अधिक केले. अखेर फ्रेंच, पोलिश, नॉर्वेजियन व ब्रिटिश दलांनी २८ मे १९४० रोजी नार्व्हिक घेतले. पण तोवर फ्रान्समधील पराभवामुळे दोस्त राष्ट्रांनी नॉर्वेतून माघार घेण्याचा निर्णय केला होता. ८ जूनपर्यंत त्यांचे सैन्य निघून गेले व नार्व्हिक पुन्हा जर्मनांच्या हाती पडले. त्याच दिवशी माघारीच्या प्रवासातील ‘ग्लोरिअस’ ही विमानवाहू नौका व तिच्या सोबतच्या ‘आर्डंट’ आणि ‘अकास्टा’ या विनाशिका ‘शार्नहोर्स्ट’ व ‘ग्नाइझेनाउ’ यांनी बुडविल्या.

परिणाम : युद्धाच्या प्रारंभी जर्मनीजवळ २२ विनाशिका होत्या. त्यांपैकी दोन फेब्रुवारी १९४० मध्येच उत्तर समुद्रात नष्ट झाल्या होत्या. नार्व्हिक येथे दहा गमावल्यावर फक्त दहा उरल्या. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर समुद्रमार्गे स्वारी करण्याचा विचार हिटलर करीत असताना सैन्यवाहू ताफ्यांना संरक्षण देण्यास पुरेशा विनाशिका त्याच्यापाशी नव्हत्या. ही स्वारी रद्द होण्याची कारणे अनेक असून हवाई प्रभुत्व न मिळणे हे त्यांत प्रमुख होते. तरीही नॉर्वेत झालेली आरमाराची हानी हेही त्यांतील एक दुर्लक्षिता न येणारे कारण होय.

या मोहिमेत जर्मन पाणबुड्यांच्या पाणतिरांमधील दोषही उघडकीस आले. नार्व्हिक परिसरातील पाणबुड्यांनी ब्रिटिश नौकांवर वारंवार नेम धरला, परंतु पाणतीर अकाली फुटत, फुटतच नसत किंवा ठरविल्यापेक्षा अधिक खोलीवरून नौकेखालून निघून जात. लोहाच्या सान्निध्याने चुंबकीय क्षेत्रात होणाऱ्या बदलावर चालणारी त्यांची स्फोटक कळ उत्तरेकडील अक्षांशांत भरवशाची नव्हती. या अपयशानंतर जर्मन नौदलाला पाणतिरांची कसून चौकशी करावी लागली. ब्रिटनमध्ये नॉर्वेतील एकंदर अपयशावर ७ व ८ मे रोजी संसदेत झालेल्या वादविवादातून नेव्हिल चेंबरलेन यांचे शासन डळमळले आणि १० मे रोजी चर्चिल पंतप्रधान झाले. नॉर्वेच्या मोहिमेच्या आखणीत स्वतः चर्चिल यांचाही मोठा वाटा होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

मूल्यमापन : पहिल्या लढाईतील हल्ला धाडसी होता, परंतु अविचारी नव्हता. अपुरी माहिती असतानाही वॉरबर्टन-लीने वेळ, भरती व हवामान यांचा नीट उपयोग केला आणि दुप्पट बळाच्या शत्रूला झोपेत गाठले. शेवटची फेरी घेण्याचा त्याचा निर्णय मात्र महागात पडला. बंदराबाहेरील पाच विनाशिकांची त्याला कल्पना नव्हती. जर्मनांच्या बाजूने पाहता त्यांचा पराभव तोफांच्या वा खलाशांच्या उणिवेमुळे झाला नाही. परतीच्या तेलाची सारी भिस्त दोन जहाजांवर ठेवणे, पहारेकरी नौकेने बदलीपूर्वी जागा सोडणे आणि फ्योर्डच्या मुखाशी संरक्षणाची सोय नसणे, ही त्यांच्या नाशाची कारणे होत. वेग व मोकळे पाणी ही विनाशिकेची बलस्थाने. ती हिरावली गेल्यावर आठ विनाशिका बंदिस्त फाट्यात चार दिवसांच्या आत संपल्या.

दोन्ही पक्षांनी या लढायांची स्मृती जपली. जर्मनीने नार्व्हिक येथे लढलेल्यांसाठी खास बाहुचिन्ह काढले व नंतर बांधलेल्या विनाशिकांचा एक वर्ग ‘नार्व्हिक’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ‘हंटर’चे अवशेष २००८ साली नॉर्वेच्या नौदलाला फ्योर्डच्या तळाशी सापडले. ‘टीले’चा काही भाग रोंबाक्स फ्योर्डच्या काठाशी पाण्याबाहेर दिसतो. खनिजाची वाहतूक हे या लढायांचे मूळ कारण होते. युद्ध संपल्यानंतर तीच वाहतूक पूर्ववत चालू झाली आणि कीरूनाचे लोहखनिज त्याच लोहमार्गाने त्याच बंदरात येत राहिले.